शेवटच्या रांगेतला शर्मन

"हे तेल घालायचं भांडं नाहीये," वीणा म्हणाली. "हे बोंडलं आहे."

गुरुदत्त केळुसकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाटलीच्या लोखंडी साच्याची मापं वहीत टिपून घेत होता. त्याने मान वर केली. बायको म्युझियममध्ये आपण होऊन काही बोलते आहे, हेच त्याला नवीन होतं.

"काय आहे म्हणालीस?"

"बोंडलं. बाळाला दूध पाजायचं. अहो, इकडे या ना जरा."

काचेच्या कपाटात खालच्या फळीवर मुठीत मावेल एवढं हिरवट काचेचं भांडं होतं. पसरट वाटी आणि एका बाजूला निमुळती होत गेलेली चोच. शेजारी टाइप केलेली चिठ्ठी होती. शिलाई मशीनला तेल घालण्याचे भांडे, आणि त्यापुढे कंसात प्रश्नचिन्ह.

"आईने आपल्या शैलूच्या वेळी चांदीचं आणलं होतं, आठवतंय? हुबेहूब तसंच. फक्त हे काचेचं."

"इथे कोण करणार बोंडलं? न्यू जर्सीत?"

"ते तुम्ही शोधा. तुम्हालाच हौस आहे ना."

हौस होती खरी. गुरुदत्त एडिसनला राहायला आला त्याला सोळा वर्षं झाली होती आणि तितकीच वर्षं तो काउंटीच्या इंजिनिअरिंग खात्यात ड्राफ्ट्समन होता. रस्त्याखालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या नळांची ड्रॉइंग्ज करायची, हे त्याचं काम. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख करून देताना लोक त्याला इंजिनिअर म्हणत आणि तो दुरुस्त करत असे, "नाही हो, मी नुसता ड्रॉइंग करतो." मग पुढे बोलण्यासारखं काही उरत नसे. डॉक्टर मंडळी घरांच्या किमतीकडे वळत.

शनिवार मात्र त्याचे स्वतःचे असत. कालव्याच्या झडपा उघडणाऱ्या माणसाचं घर, विटांची बंद पडलेली भट्टी, जस्ताची खाण, रेल्वेची सिग्नल केबिन. गावोगावच्या हौशी म्हाताऱ्यांनी दोन-तीन खोल्यांत मांडलेली ही म्युझियम्स तो एकेक करून बघत आला होता. मोठ्या शहरातल्या मोठ्या म्युझियममध्ये त्याला विशेष रस नव्हता. हे चाक कोण फिरवायचं, तो जेवायचा कुठे, हात कापला तर काय करायचे, असले प्रश्न तिथे विचारायला कोणी भेटत नाही. इथे टेबलामागे बसलेली म्हातारी स्वतः त्या चाकवाल्याची मुलगी निघायची.

वीणा सहसा येत नसे. त्या दिवशी, १९८५च्या ऑक्टोबरमध्ये, ती आली ती फक्त येताना रस्त्यात सफरचंदांची बाग लागते म्हणून. हार्लन्स क्रीक हे दक्षिण जर्सीतलं पाइनच्या जंगलातलं गाव. तिथे बारीक पांढरी रेती मिळायची, म्हणून कोणे एके काळी बाटल्यांचा कारखाना निघाला. तो १९३८ साली बंद पडला आणि त्याच्या ऑफिसच्या दोन खोल्यांचं म्युझियम झालं. उघडं फक्त शनिवारी, एक ते चार.

टेबलामागे मिसेस हॅनिगन बसल्या होत्या. वय एकोणऐंशी. वडील याच कारखान्यात काच फुंकायचे. गुरुदत्तने त्यांना इंग्रजीत विचारलं, हे भांडं कुठून आलं?

"जेवणाच्या सुटीत कारागीर उरल्यासुरल्या काचेचं स्वतःसाठी काहीतरी करायचे," त्या म्हणाल्या. "कोणी काठी, कोणी साखळी, कोणी बायकोसाठी फूल. त्या कपाटात सगळं तेच आहे. हे आमच्या मार्था आत्याच्या घरात निघालं. कशाचं ते कोणालाच कळेना, तेव्हा मीच अंदाजाने लिहिलं."

"आत्याच्या घरात कसं?"

"ती भाडेकरू ठेवायची. त्यांच्यापैकीच कोणाचं असेल." मग त्यांनी दोघांकडे नीट पाहिलं. "तुम्ही दोघं इंडियातून आलात?"

"हो."

"मग हे बघा."

त्यांनी त्याला भिंतीवरच्या फोटोपाशी नेलं. उन्हाळा १९१२. भट्टीच्या दारासमोर तीस-पस्तीस माणसं तीन रांगांत, बाह्या दुमडलेली, डोळे किलकिले केलेली. सगळ्यात मागच्या रांगेत अगदी शेवटी एक सडपातळ, सावळा तरुण उभा होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्याला काळी गोल टोपी. खाली सगळ्यांची नावं होती. त्याचं नाव शेवटचं : शर्मन, हिंदू.

ड्रॉइंग तपासायचं भिंग गुरुदत्तच्या खिशात कायम असे. त्याने ते काढून फोटोवर धरलं आणि त्या चेहऱ्यावरून सावकाश फिरवलं.

"वीणा, कान बघ याचा. उजवा."

वीणाने बघितलं. कानाच्या वरच्या पाळीत तीन बारीक ठिपके होते.

"भिकबाळी," ती म्हणाली. "अहो, आपल्याकडचा आहे हा."

मिसेस हॅनिगन तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. मिस्टर शर्मन आत्याकडे माडीवर राहायचे. मांस खायचे नाहीत. ब्रेड, बटाटे, दूध आणि सफरचंद, एवढ्यावर असायचे. "आणि पाणी कसं प्यायचे माहीत आहे? ग्लास ओठाला न लावता. वरून. आम्ही सगळी पोरं तसं करायला जायचो आणि फ्रॉक भिजवून मार खायचो."

"मग पुढे काय झालं त्यांचं?"

"वारले. १९१३च्या मार्चमध्ये. न्यूमोनिया. ट्रंक भरून तयार होती, एप्रिलच्या बोटीने ते परत जाणार होते. आत्याने ट्रंकेवरचा पत्ता बघून घरी पत्र लिहिलं, पण उत्तर आलं नाही. तो पत्ता आता कोणाकडे नाही. कारखान्यातल्या लोकांनीच पुरलं. दगडही बसवला. तुमच्यात काय करतात ते त्यांना माहीत नव्हतं."

घरी परत जाताना गाडीत सफरचंदांचा वास भरला होता. एडिसनचा फाटा आला तेव्हा वीणा म्हणाली, "म्हणजे घरी त्याला लहान मूल होतं."

"हं."

"आणि त्यांना काही कळलंच नसेल."

गुरुदत्तने मग शोध सुरू केला. शर्मन म्हणजे शर्मा असेल का? पण शर्मा नावाचा माणूस भिकबाळी कशाला घालेल? काउंटीच्या दप्तरात त्याला मृत्यूची नोंद सापडली. वय अंदाजे पंचवीस, गाव 'बॉम्बे, इंडिया'. बोटींच्या याद्या बघायला तो दोन शनिवार न्यूयॉर्कला जाऊन आला. हाती काही लागलं नाही. शेवटी त्याने मंडळाच्या वार्तापत्रासाठी मजकूर लिहिला. वार्तापत्र काढणाऱ्या अनिलने त्याच्या दोन पानांच्या सहा ओळी केल्या आणि त्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणाखाली छापल्या. १९१२ साली न्यू जर्सीच्या एका काच कारखान्यात काम करणाऱ्या, शर्मन किंवा शर्मा नावाच्या महाराष्ट्रीय तरुणाबद्दल कोणाला माहिती असल्यास केळुसकर यांना फोन करावा. तो वारला हे वीणाने घालू दिलं नव्हतं. "कोणाची असली बातमी अशी छापून सांगतात का?"

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये एका रविवारी दुपारी फोन वाजला.

"काका, मी संजीव बोलतोय, अर्विंगहून. टेक्सास. तुम्ही मला ओळखत नाही. ते वार्तापत्र आमच्याकडे पण येतं. अॅक्चुअली मी ते कधी वाचत नाही, पण माझी आजी इथे आलीय. सीमाची डिलिव्हरी झाली ना, म्हणून. तिला मराठी वाचायला दुसरं काही नाही, मग ती जाहिरातीसकट सगळं वाचते. आणि काल ती म्हणाली, हे माझे वडील."

गुरुदत्त खुर्चीवर बसला. "नाव काय त्यांचं?"

"श्रीराम. श्रीराम सदाशिव आगटे. वाईचे. १९११ साली अमेरिकेला काच शिकायला आले. ते निघाले तेव्हा आजी पोटात होती."

श्रीराम. गुरुदत्तने ते नाव तोंडातल्या तोंडात भरभर म्हणून पाहिलं. भट्टीच्या आवाजात, ज्याला पहिला श्र धड उच्चारता येत नाही अशा माणसासारखं. श्रीराम, शिरम, शर्मन.

"हॅलो? काका?"

"आहे, आहे. बोल."

"म्हणजे मला वाटायचं ते इथेच सेटल झाले. दुसरं लग्न वगैरे. घरात तसंच म्हणायचे सगळे, मडम केली म्हणून. वुई नेव्हर टॉक्ड अबाउट इट. पण आजी हट्ट धरून बसलीय, मला तिकडे ने. मे महिन्यात घेऊन येऊ का?"

"ये की. आमच्याकडेच उतरा."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण त्याला काहीच सांगितलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने त्याला जड गेले. नव्या म्युझियममध्ये जायची इच्छा होईना. वीणाने एकदा पोळ्या लाटता लाटता विषय काढला.

"काय सांगणार आहात त्या बाईंना?"

"जे आहे ते."

"चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत त्या. आपला बाप कुठेतरी मजेत जगला, असं धरून चाललं असेल त्यांचं इतकी वर्षं. राग असेल, पण तो जगला असं तरी वाटत असेल. तुम्ही जाऊन सांगणार, नाही, तो पंचविसाव्या वर्षीच गेला."

"मग सांगू नको?"

"मला काय माहीत. तुम्हाला मोडकी मशिनं बघायची हौस, ते ठीक होतं. हा कोणाचा तरी बाप निघाला."

आपण एक कोडं सोडवत होतो आणि ते सुटलं म्हणून खूश झालो होतो, हे त्याला कबूल होतं.

संजीवची आजी, सुमित्राबाई, विमानतळावर नऊवारीत उतरल्या. पायात संजीवने घेऊन दिलेले पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात मरून स्वेटर. उंच, सरळ पाठीची बाई. साताऱ्याला शाळेत शिक्षिका होत्या, असं संजीवने सांगितलं. वीणाने चहा दिला तो त्यांनी बशीतून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही ओळखदेख नसताना एवढी खटपट केलीत. का हो?"

गुरुदत्त पुढे सरकून बसला. "मावशी, मला असं जाऊन बघायला आवडतं. कोण काय काम करायचं ते."

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मलाही आवडलं असतं."

दुसऱ्या दिवशी शनिवार. मिसेस हॅनिगननी दार अकरालाच उघडून ठेवलं होतं आणि टेबलावर लिलीची फुलं मांडली होती. गुरुदत्तने वाटेत गाडीतच सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण ते झालं नाही. शेवटी खोलीत, फोटोपाशी जायच्या आधी, तो म्हणाला, "मावशी, जरा बसता का. एक सांगायचं आहे. तुमचे वडील इथे फार दिवस राहिले नाहीत. ते..."

"१९१३च्या मार्चमध्ये गेले," सुमित्राबाई म्हणाल्या. "मला माहीत आहे."

संजीव त्यांच्याकडे बघतच राहिला. "आजी, तुला माहीत होतं?"

"आईला माहीत होतं. मला तिने सांगितलं ते ती जायच्या आधी आठ दिवस. अठ्ठावन्न साली." त्या खुर्चीवर बसल्या. "पत्र आलं होतं. इंग्रजी. सासरे शेतावर गेले होते, पोस्टमनने आईच्या हातात दिलं. ती अठरा वर्षांची. तिला वाटलं त्यांचंच, पण अक्षर वेगळं. धुणं घेऊन जाते म्हणून निघाली आणि मिशनच्या मडमेकडे जाऊन वाचून घेतलं. मडमेला मराठी येत होतं. आई तिथेच पायरीवर बसली तासभर. मग मडमेला म्हणाली, कोणाला सांगू नका. घरी आली, तोंड धुतलं, पुन्हा कुंकू लावलं आणि भाकऱ्या केल्या."

वीणाने हळूच विचारलं, "का पण?"

"का म्हणजे? तेव्हा आमच्या घरात नवरा गेला की न्हाव्याला बोलवायचे. केस उतरवायचे, आलवण नेसवायचे, आणि मग जन्मभर कोपऱ्यात. मोठ्या जावेचं झालेलं तिने डोळ्यांनी बघितलं होतं. आईचे केस... वाईत तसे केस नव्हते कोणाचे. न्हाताना दोघी लागायच्या."

मिसेस हॅनिगन सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. गुरुदत्त त्यांना खालच्या आवाजात एकेक वाक्य इंग्रजीतून सांगत गेला.

"पत्रं यायची थांबली तसं माझी आजी म्हणायला लागली, तिकडे मडम केली असेल. मग गावच म्हणायला लागलं. वर्गणी काढून पाठवलं होतं लोकांनी, स्वदेशीच्या दिवसांत, परत येऊन कारखाना काढील म्हणून. सगळे शिव्या द्यायचे. आईने ते पंचेचाळीस वर्षं ऐकलं. एका शब्दाने खरं सांगितलं असतं तर ते थांबलं असतं, पण केस गेले असते. आणि मीही शिकले नसते. ती सवाष्ण म्हणून गेली. बायकांनी ओटी भरली तिची." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "मला म्हणाली, माझे केस वाचवायला मी त्यांच्यावर आळ येऊ दिला. कधी जमलं तर त्यांना सांग. मी म्हटलं, आई, कुठे सांगू? ती म्हणाली, जिथे असतील तिथे."

मग मिसेस हॅनिगन उठल्या, कपाटाचं कुलूप काढलं आणि ते हिरवट भांडं दोन्ही हातांनी आणून सुमित्राबाईंच्या ओंजळीत ठेवलं.

"हे त्यांनी केलं होतं, मावशी," गुरुदत्त म्हणाला. "जेवणाच्या सुटीत. चिठ्ठीवर तेलाचं भांडं असं चुकून लिहिलंय."

सुमित्राबाईंनी ते उजेडात धरलं. चोचीच्या भोकातून पलीकडे पाहिलं, त्यात करंगळीचं टोक घातलं. "भोक मोठं झालंय," त्या म्हणाल्या. "पाजलं असतं तर ठसका लागला असता मला. पुरुषमाणूस, कधी जवळून बघितलं असणार." आणि त्या हसल्या. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे भरून आले. "आईला हे माहीत नव्हतं बघा. हे कुठल्याच पत्रात नव्हतं."

मिसेस हॅनिगन म्हणाल्या, ते तुमचं आहे, घेऊन जा. गुरुदत्तने ते मराठीत सांगितलं. सुमित्राबाईंनी मान हलवली.

"इथेच असू दे. साताऱ्यात हे कपाटात पडून राहील. इथे कोणीतरी बघायला तरी येतं. चिठ्ठी तेवढी बदला म्हणावं."

चिठ्ठी गुरुदत्तने लिहिली. मिसेस हॅनिगनकडे पांढरं कार्ड होतं, त्याच्या खिशात ड्रॉइंगचं पेन. नळांच्या नकाशांवर सोळा वर्षं त्याने जसं अक्षर काढलं होतं तशाच अक्षरात, वर मराठी आणि खाली इंग्रजी. श्रीराम सदाशिव आगटे, वाई. मुलीसाठी केलेले बोंडले, १९१२. पेन उचलून तो म्हणाला, "अजून काही लिहू?"

"लिहा, परत येणार होते."

त्याने लिहिलं.

फोटोसमोर त्या सगळ्यात शेवटी गेल्या. गुरुदत्तने भिंग पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही, नुसत्याच चष्म्यातून पाहत राहिल्या.

"संजू, तू केवढा आता?"

"एकतीस."

"हा तुझ्याहून लहान आहे रे," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं ह्यांना अहोजाहो करत आले."

दफनभूमी कारखान्याच्या मागच्या उतारावर होती, चालत पाच मिनिटांवर. गवत नुकतंच कापलेलं होतं. फाटकापाशी मिसेस हॅनिगननी बोट दाखवलं : पाइनखालचा तिसरा, बुटका दगड. संजीव हात धरायला पुढे झाला, पण सुमित्राबाईंनी त्याला थांबवलं. त्यांनी फाटकाशीच वाकून बूट काढले, शेजारी शेजारी ठेवले आणि अनवाणी एकट्या निघाल्या.

बाकीची चौघं फाटकाबाहेर उभी राहिली. सुमित्राबाईंनी दगडावरची पाइनची वाळकी पानं हाताने झाडली आणि समोर गवतावर मांडी घालून बसल्या. मग त्या बोलू लागल्या. एवढ्या लांबून शब्द येत नव्हते, हात तेवढे हलताना दिसत होते. दारात आलेल्या पाहुण्याला घरातलं सगळं सविस्तर सांगावं तसं सावकाश चाललं होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. संजीव रुमाल काढून दुसरीकडे बघत होता.

"त्या काय सांगताहेत त्यांना?" मिसेस हॅनिगननी विचारलं.

तेवढ्यात सुमित्राबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दगडाकडे पाठ करून उभ्या राहिल्या, उजवा हात मागे नेला आणि तळवा कमरेपाशी आडवा धरला. मग जरा विचार करून तो आणखी चार बोटं खाली नेला.

"केसांचं सांगताहेत," वीणा म्हणाली. "कुठपर्यंत होते ते."